हवेच्या खोलीचं दार

सावळीरामचं नाक आपटलं तेव्हा आवाज आधी आला आणि दुखणं मागून, सायकल ढकलत कोणी निवांत यावं तसं. समोर काहीच नव्हतं. म्हणजे त्याला दिसत होत्या त्या बिस्किटांच्या रांगा, थंड बाटल्यांचं कपाट आणि त्या सगळ्यावर पडलेला दवाखान्यासारखा पांढरा उजेड. आणि तरी कोणीतरी तोंडावर पंजा ठेवून ‘थांब’ म्हणावं तसा तो थांबला. मागे उद्घाटनाच्या पूजेची तयारी चालली होती. गुरुजी नारळ हुडकत होते. पंपावरची झाडून सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. मग जे हसू फुटलं ते वर्षभर साठवून ठेवल्यासारखं. “सावळीरामभाऊ, काच आहे ती!” दोन नंबरच्या मशीनवरचा ललित ओरडला, “नाकानं पुसायचं कोणी सांगितलं?” आयुष्यभर दुसऱ्यांना हसवून आणि दुसऱ्यांवर हसून सावळीराम एक नियम शिकला होता, की पडणाऱ्यानं सगळ्यात आधी हसायचं, म्हणजे बाकीच्यांचं हसू बोथट होतं. आज त्याला उशीर झाला. तो हसला, पण रांगेत शेवटचा. काचेवर त्याच्या कपाळाचा आणि नाकाचा तेलकट ठसा उमटला होता, आणि त्या ठशातून पलीकडची बिस्किटं जराशी वाकडी दिसत होती.

झालं होतं असं, की तो काचेकडे चाललाच नव्हता. तो हवेच्या खोलीत चालला होता. सत्त्याऐंशी साली सातपूरच्या या पंपावर तो लागला, तेव्हापासून अठरा वर्षं सकाळची चाल ठरलेली होती: सायकल भिंतीला लावायची, नऊ पावलं टाकायची, गोणपाटाचा पडदा खांद्यानं सारायचा, आत कॉम्प्रेसरच्या वरच्या पहिल्या खिळ्याला जेवणाचा डबा अडकवायचा. त्या खोलीला दार म्हणून कधी नव्हतंच. चाकात भरायची हवा तिथं तयार व्हायची, म्हणून ती हवेची खोली. आणि तिच्या तोंडाशी त्यानंच खडूनं लिहिलेलं असायचं: ‘ताजी हवा मोफत. शिळी हवा परत घेतली जाणार नाही.’ एकदा एका पेन्शनर साहेबांनी ते वाचून खरंच तक्रार केली होती, की आमच्या चाकात कालची भरली काय रे? दोन महिन्यांपूर्वी खोली पाडली. तिच्याच जागेवर हे दुकान उभं राहिलं, नव्या पद्धतीचं, पंपावरच साबण, शेव, शाम्पू आणि थंड पाणी मिळणारं. कालपर्यंत तिथं नुसती उघडी चौकट होती, सावळीराम सवयीनं येत-जात होता. तो काल संध्याकाळी घरी गेल्यावर काच बसली. आज काच असणार हे डोक्याला ठाऊक होतं, फक्त पायांना कोणी कळवलं नव्हतं. पाय आपले नऊ पावलं मोजून पडदा सारायला गेले.

“काका, बघू.” स्नेहल कपाटातली गार बाटली घेऊन आली. ती रंगनाथशेठची मुलगी. शेठचे गुडघे गेल्यापासून पंप तीच बघायची. “सुजलंय हो.”

“आधीपण असंच होतं. तू लहानपणी नीट बघितलं नाहीस.”

“चेष्टा नंतर. चारला एजन्सीचा माणूस येतोय. बाहेरच्या मशीनींवर आता त्यांची पोरं राहणार, तिशीच्या आतली. ललितचं नाव त्यांनी घेतलंय. तुमचं मी आतल्या काउंटरला धरलंय. पण तुम्ही हो तर म्हणा! नाही म्हणालात तर तिथंही त्यांचाच माणूस बसेल, मग माझ्या हातात काही नाही राहत.”

“चारला सांगतो.”

“आठ दिवस हेच ऐकतेय मी.”

“आठ दिवस तुझे चार वाजलेच कुठं?”

ती हसली नाही. बाटली त्याच्या हातात कोंबून पूजेला गेली. सावळीरामनं बाटली नाकाला लावली. खरं तर त्याचं ठरलं होतं. चार वाजता त्या एजन्सीवाल्यासमोर पंपानं दिलेली नवी टोपी काढायची, हवेच्या नळीला घालायची, नळीला वाकून नमस्कार करायचा आणि सायकल काढायची. ललितला त्यानं सांगून ठेवलं होतं, हसायला तयार राहा म्हणून. विचारणाऱ्यांना तो सांगायचा, त्या एसीत माझी सर्दी बाहेर काढायला वेगळा माणूस लावावा लागेल. पण आतली गोष्ट निराळी होती. गेल्या हप्त्यात स्नेहलनं त्याला ते पिस्तूल शिकवलं, पाकिटावरच्या काळ्या रेघांना दाखवायचं, की टूं करून भाव आपोआप सांगतं. सावळीरामनं गंमत म्हणून ते ललितच्या कपाळाला लावलं. यंत्र गप्प. सगळे खदाखदा हसले. घरी जाताना सायकलवर मात्र तेवढंच डोक्यात फिरत राहिलं: बिस्किटाला लावलं की बोलतं, माणसाला लावलं की गप्प. पाकीटच स्वतःचा भाव सांगणार, तर मग मागे उभ्या माणसानं सांगायचं काय? दिवसभर काचेमागे उभं राहायचं, रस्त्यावरून जाणाऱ्यानं बिस्किटांबरोबर आपल्यालाही बघायचं, आणि आपल्याला बाहेरच्याचा आवाज नाही, वास नाही.

वास! तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यानं मशीनजवळ जाऊन नळीचं तोंड नाकाशी नेलं. काही नाही. तळहातावर थेंब घेतला, चोळला, हुंगला. गार लागलं तेवढंच. अठरा वर्षांत पहिल्यांदा जगाला पेट्रोलचा वास नव्हता. त्याला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची भीती वाटली, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी तशी. त्याची सगळी हुशारी नाकात होती. थेंब हुंगून तो सांगायचा, गाडीत रॉकेल घातलंय; आवाज ऐकून सांगायचा, प्लग गेला. लग्न झालं तेव्हा लंकाबाईनं पहिल्याच दिवशी फर्मावलं होतं, “चुलीपाशी यायचं नाय. भडका उडंल.” त्यानं अठरा वर्षं तो हुकूम इमानदारीनं पाळला, साधा चहा टाकायलाही शिकला नाही. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला दोनच तऱ्हेची माणसं पंपावर यायची, स्कूटरवाली आणि लुनावाली, आणि दोघांनाही पेट्रोलमध्ये ऑइल लागायचं. पितळी मापातून हिरवट-निळं ऑइल टाकीत सोडायचं आणि मग ते मिसळावं म्हणून स्कूटर दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलवायची, पाळण्यातलं पोर हलवावं तशी. सावळीराम ती हलवताना चक्क अंगाई म्हणायचा. मागच्या सीटवर बसलेल्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मग फोर स्ट्रोक गाड्या आल्या. त्यांना वरून ऑइल लागत नव्हतं, हलवावं लागत नव्हतं, अंगाई तर नाहीच नाही. मशीनवर चक्रीसारखे फिरणारे पांढरे आकडे गेले, लाल दिव्याचे आले. प्रत्येकाला ‘शून्य बघा’ म्हणायचं आलं. सावळीराम काही दिवस ‘शून्य बघा, माझ्याकडे बघा, एकच आहे’ असं म्हणाला. मग स्नेहलनं तेही बंद केलं. आता ते पितळी माप कुठं गेलं, त्याला आठवेना. आठवायला वास लागतो, आणि वासच नव्हता.

हवेच्या खोलीचं खरं काम मात्र हवेचं नव्हतंच. तिच्या भिंतीला बावीस खिळे होते. एक त्यानं स्वतःच्या डब्यासाठी मारला होता, बाकीचे लोकांनी मारायला लावले. सातपूरच्या कारखान्यांतली माणसं शिफ्ट बदलताना एकमेकांना भेटायची नाहीत. एक आत जाताना दुसरा बाहेर. मग खोलीची किल्ली, रेशनकार्ड, पोराचं औषध, लग्नपत्रिका, सगळं एकच बोलून सुटायचं: ‘सावळीरामकडे ठेव.’ घोटीहून आलेला तांदूळ एकाचा, सटाण्याहून आलेली डाळिंबं दुसऱ्याची, आणि मधूनच सावळीरामनं मुद्दाम केलेली अदलाबदल. एकदा त्यानं दोन कामगारांच्या डब्यांची झाकणं बदलली आणि त्यातून त्यांची अशी गट्टी जमली, की पुढे एकाची बहीण दुसऱ्याच्या घरात गेली. अंगठ्या त्यानं कधी बदलल्या नाहीत, किल्ल्या कधी चुकवल्या नाहीत. अठ्ठ्याण्णवपासून चौथा खिळा फुलाबाईचा. फुलाबाई हरसूलच्या पुढच्या पाड्यावरची. तिचा दिनेश इथं कारखान्यात कंत्राटावर लागला. दर मंगळवारी ती एस्टीनं यायची, फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी सावळीरामकडे द्यायची आणि परतीच्या गाडीनं जायची. पोराची पहिली पाळी साडेतीनला सुटायची, तिची गाडी दोनची. कारखान्याचा वॉचमन बोचकं ठेवून घ्यायचा नाही. सात वर्षांत मायलेकांची गाठ मंगळवारी एकदाही पडली नसेल, पण भाकरी पोचायची. गेले दोन महिने ती द्राक्षाच्या तोडणीला निफाडकडे गेली होती. हंगाम आता संपला होता. आज मंगळवार.

पूजा झाली. पूजा म्हणून सगळ्यांनी चपला दुकानाबाहेर काढल्या होत्या, आणि गंमत तिथून सुरू झाली. पूजेची माणसं पांगायच्या आत कोणी भाजीवाली आली, तिनं काचेबाहेर चपलांची रांग बघितली आणि गुपचूप आपल्याही काढल्या. तिच्या बघून एका म्हाताऱ्यानं काढल्या. तो बाहेर पडायच्या आत आणखी दोघं. अकरा वाजेपर्यंत पूजेच्या चपला केव्हाच गेल्या होत्या, रांग मात्र चालूच होती, एकाच्या पुण्याईवर दुसरा. सातपूरची मंडळी तर पायात लोखंडी टोकाचे, घोट्यापर्यंत नाड्या बांधलेले बूट घालणारी. ती यायची, रांग बघायची, आपल्या नाड्या बघायची आणि म्हणायची, “जाऊ दे ना, एका बिडीबंडलासाठी कोण सोडणार?” आणि समोरच्या टपरीवर जायची. सावळीरामच्या हे सगळं सकाळीच ध्यानात आलं होतं. स्नेहल आत काउंटरला एकटी उभी होती, काचेतून बाहेर बघत, आणि तिला कळत नव्हतं, की माणसं दारापर्यंत येऊन परत का जातात. एक शब्द सांगायचा होता. सावळीरामनं काय केलं, तर रांग तुटायला आली तशी सायकलच्या कॅरिअरला बांधलेली आपली जुनी रबरी चप्पल सोडली आणि काचेपुढे नीट, जोडीनं, पायरीला काटकोनात ठेवून दिली. सकाळी आपण ज्या काचेला आपटलो तिला आता बाकीची दुनियाही आपटू दे, नाक न फुटता का होईना. ललितला डोळा मारला. ललित तोंड फिरवून हसला. आणि खरंच, पुढचा माणूस आला, चप्पल बघून थबकला आणि वाकून बूट सोडायला लागला, मग कंटाळून निघून गेला.

मजा यायला पाहिजे होती. एरवी अशी खोडी जमली की सावळीरामच्या छातीत बुडबुडे फुटायचे. आज बुडबुडे वर येईनात. मशीनवर उभा राहून तो काचेकडे बघत होता, आणि काचेत आधी त्याला तोच दिसत होता, टोपी घातलेला, नाक सुजलेला. मग डोळे लांब केले की पलीकडे स्नेहल, फडक्यानं पुसलेलंच पुन्हा पुसणारी. ही पोर पाच-सहा वर्षांची असताना शेठबरोबर पंपावर यायची आणि ऑइलच्या पिंपावर चढून बसायची. त्यानं तिला पटवून दिलं होतं, की हवेच्या नळीत राक्षस राहतो आणि त्याचं नाव फुसलिंग आहे. ती रोज जेवणातला एक घास नळीपाशी ठेवायची फुसलिंगला. तो घास कोण खायचं, हे तिला बारावीत कळलं. तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी दोन घास ठेवून गेली. आता ती त्याच जागेवर उभी होती, फुसलिंगच्या जागेवर. तिच्या दुकानात कोणी येत नव्हतं आणि दाराशी चप्पल फुसलिंगचीच पडलेली होती. उचलावी काय? दोनदा तो त्या बाजूला पाच-सहा पावलं गेला. नववं पाऊल जवळ आलं, की नाक आपोआप मागं व्हायचं. मग तो उगाच हवेची नळी गुंडाळून परत यायचा.

पाऊण वाजता एस्टी थांबली आणि फुलाबाई उतरली. डोक्यावर बोचकं, पायात टायरच्या तळव्याची चप्पल. ती नेहमीच्या चालीनं आली, पंपाच्या मधोमध थांबली आणि तिनं ललितला खोलीचं विचारलं. हवेची खोली असायची तिथं चकचकीत काच. ती काचेजवळ गेली, रांगेतल्या चपलेकडे बघून आपली चप्पल काढली, त्या चपलेशेजारी ठेवली, आणि तशीच उभी राहिली. आत जाईना, मागे येईना. चैत्रातलं ऊन, खाली तापलेलं सिमेंट. ती एक पाय दुसऱ्या पायावर ठेवायची, मग बदलायची. सावळीरामला वाटलं, आता हाक मारेल. ती कुठली हाक मारते! ती काचेवरचा नाक-कपाळाचा ठसा बघत होती.

“फुलाबाई!” तो नळी टाकून धावला. “आगं, इकडं ये ना, सावलीत.”

“तू हायेस व्हय?” ती वळली. “मला वाटलं, खोलीबरोबर तू बी गेला.”

“मला कोण पाडतंय? निफाडहून कधी आलीस?”

“परवा. इथं देवाचं काय बांधलं का रं? आत कोणता देव हाय?”

“बिस्किटांचा.”

“मग माझं बोचकं कुठं टांगायचं?” तिनं सरळ विचारलं. “खिळा कुठं हाय माझा?”

“फुलाबाई, आता तिथं... बघ, दुकान झालंय. माझ्याकडं दे, सायकलला लावतो.”

“उन्हात? नासंल चटणी.” तिनं पुन्हा पाय बदलला. “आन् तू तरी हायेस का उद्यापासून? त्यो पोरगा म्हनतो, बाहेरची सगळी नवी येनार.” ललितनं मान खाली घातली. “असू दे. नेते परत. पोरगं काय उपाशी मरत नाय. मंगळवारचं एक काम होतं, ते आता नाय, असं सांगंन मी त्याला.”

असं म्हणून ती चप्पल घालायला वळली. तिचे तळवे लाल झाले होते, आणि ते लाल तळवे बघताना सावळीरामला कळलं, की आजच्या खोडीचं गिऱ्हाईक कोण निघालं. स्नेहल नव्हे, तो एजन्सीवाला नव्हे. त्याच्या हातून जन्मभरात अशी हुकलेली खोडी झाली नव्हती. तिचा पाय चपलेत जायच्या आत त्यानं वाकून दोन्ही चपला उचलल्या.

“ए, ए! काय करतो?”

“चपला जप्त.” तो म्हणाला आणि निघाला. एक, दोन, तीन. काच समोर होती, ठसा समोर होता. आठव्या पावलाला नाक मागं व्हायला लागलं. त्यानं नाकाला मागं राहू दिलं आणि हात पुढं केला. स्टीलची मूठ हाताला लागली, गार. ढकलली. बास, एवढंच होतं. गोणपाटापेक्षाही हलकी. आत गारवा अंगावर आला, स्नेहल “काका?” म्हणाली, तो थांबला नाही. बिस्किटांच्या मधल्या फळीवर, दोन खोक्यांच्या मध्ये जागा करून त्यानं फुलाबाईच्या चपला मांडल्या, टाचा भिंतीकडे, ऐटीत. मग दार उघडं धरून ओरडला, “चपला आत हायेत गं! पाहिजेत तर येऊन घेऊन जा!”

“मेल्या, जन्माचा वात्रट तू!” फुलाबाई तरातरा आली. चिडलेल्या माणसाला उंबरा दिसत नाही. ती आत आली, गार फरशीवर पाय पडले आणि तिथंच थांबली. “आगं बाय,” ती म्हणाली. डोळे मिटले. दोन्ही तळवे फरशीवर सपाट ठेवून उभी राहिली, बराच वेळ, ओढ्यात उभं राहावं तशी.

“हे काय चाललंय?” स्नेहल म्हणाली.

“गिऱ्हाईक आहे,” सावळीराम म्हणाला, “ठेवायला आलंय. आणि ताई, तुझं दुकान सकाळपासून देऊळ झालंय, बाहेर चपला बघ. लोकांना वाटतंय, पायताण काढून यायचं. सातपूरवाले नाड्या सोडायला कंटाळून परत जातायत.”

“तुम्हाला कधी कळलं हे?”

“नऊ वाजता.”

तिचं तोंड लाल झालं. सावळीरामला वाटलं, आता पुन्हा दोन दिवस बोलणार नाही. “काका, तुम्ही ना...” ती म्हणाली. मग काउंटरच्या मागून ती बाहेर आली, दार उघडलं आणि पंपावर उभ्या असलेल्या बूटवाल्यांना मोठ्यानं म्हणाली, “बूट घालूनच या हो आत! देव नाहीये कोणी!” तिघं एकमेकांकडे बघून हसले आणि आत आले, बूट आपटत, मुद्दाम.

फुलाबाई अजून बोचकं डोक्यावर घेऊनच उभी होती. सावळीरामनं ते उतरवून घेतलं. काउंटरच्या मागची भिंत पांढऱ्या टाइल्सची, गुळगुळीत, कुठं काही अडकायला जागा नाही. त्यानं बोचकं छातीशी धरलं, आणि तेव्हा, सुजलेल्या नाकातून, कुठूनशी फट सापडल्यासारखा वास आला. भाजलेल्या नागलीचा. त्याच्या मागून खुरासणीचा, लसणाचा, धुराचा. मग फुलाबाईच्या चपलांचा, निफाडच्या मातीचा. आणि दारातून आत येणाऱ्या बूटवाल्याबरोबर, सगळ्यांच्या मागून, जुन्या ओळखीनं, पेट्रोलचा. तो हुंगत उभा राहिला. वास आत येतो होय! दार उघडलं की येतो. दार उघडणारं कोणी पाहिजे.

“स्नेहल,” तो म्हणाला. ताई म्हणायचं विसरला. “चार वाजलेत असं समज.”

“बोला.”

“एक खिळा मारायचाय. इथं.”

“टाइल्स आहेत, काका. फुटेल.”

“एखादी फुटंल.”

स्नेहलनं भिंतीकडे बघितलं, बोचक्याकडे बघितलं, मग फुलाबाईकडे. “एक?” ती म्हणाली. “बावीस होते ना?”

“एकापासून सुरू करतो. फुसलिंगचा डबा नंतर.”

खिळा मारताना टाइल फुटली नाही. नुसता एक तडा गेला, केसाएवढा, वरून खालपर्यंत. फुलाबाई दोनच्या गाडीनं गेली, पाय थंड करून. जाताना चपला फळीवरून तिनं स्वतः उचलल्या आणि सावळीरामच्या टोपीवर एक हलकेच मारली. साडेतीनला दिनेश आला, नेहमीच्या जागेवर भलतीच काच बघून गांगरला, आणि आतून सावळीरामनं त्याला काचेवर टकटक करून बोलावलं. काचेवरचा सकाळचा ठसा स्नेहलनं अजून पुसला नव्हता. “राहू दे,” ती म्हणाली, “काच आहे हे कळायला बरंय.”

चारला पाच कमी असताना एजन्सीचा माणूस आला. पांढरा शर्ट, गळ्यात पट्टा, हातात फाइल. सावळीराम काउंटरमागे पिस्तूल पुसत होता. बाहेर काचेपुढे एकच जोडी उरली होती, त्याची स्वतःची रबरी चप्पल, गडबडीत उचलायची राहून गेलेली. एजन्सीचा माणूस ती बघून थबकला, इकडे-तिकडे बघितलं, फाइल काखेत धरली, वाकला, आणि आपले काळे, पॉलिश केलेले बूट सोडून त्या चपलेशेजारी नीट ठेवले. मग मोजे सावरत आत आला.

“नमस्कार. सावळीराम आपणच का? काय ठरलं तुमचं?”

“ठरलं,” सावळीराम म्हणाला. “मी आत.” आणि खाली मान घालून त्यानं एकदा काचेबाहेरच्या त्या चकचकीत बुटांकडे बघितलं, आणि एकदा बिस्किटांच्या मधल्या फळीकडे. दोन खोक्यांच्या मधली जागा अजून रिकामीच होती.